रोल घरी धुवायचा तर

आज आपण काळ्या-पांढऱ्या फोटोचा रोल घरी कसा धुवायचा, ते बोलू. हे स्टुडिओवाल्यांचं काम, आपल्याला कुठं जमणार, असं पुष्कळ जणींना वाटेल. म्हणून आधी एक नाव ऐका : सरस्वतीबाई फाळके.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला, हे सगळे सांगतात. पण १९१२ मध्ये तो दादरच्या घरी तयार होत होता, तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई करायच्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. त्यांचे दागिनेही या कामापायी गेले. दागिना हातचा जातो तेव्हा काय वाटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता काम कसं करायचं ते ऐका. उजेड आत न जाणारा झाकणाचा डबा, त्यातली चकती, थर्मामीटर, मापाचं भांडं, डेव्हलपर आणि फिक्सर एवढं लागतं. एकटीला हे महाग पडतं, पण गटानं मिळून घेतलं तर पुष्कळ रोल निघतात. ही भांडी स्वयंपाकात वापरायची नाहीत. हातमोजे घालायचे, लेकरं लांब ठेवायची.

रोल चकतीवर गुंडाळणं हेच अवघड. वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात सराव करा, मग डोळे मिटून. खरा रोल मात्र मिट्ट काळोखातच गुंडाळायचा. डब्याचं झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात.

डेव्हलपर वीस अंशांवर हवा. आपल्या बीडच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून किती तरी गरम असतं. म्हणून माठातलं पाणी घ्या, आणि बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करून थर्मामीटर बघा. वेळ पाकिटावर लिहिलेली असते, ती घड्याळ लावून पाळा. दर मिनिटाला डबा हळू उलटासुलटा करा. मग डेव्हलपर ओतून साध्या पाण्यानं खळबळा, आणि पाकिटावरच्या वेळेइतकं फिक्सर.

धुवायला घागरी लागत नाहीत. डबा पाण्यानं भरून पाच वेळा उलटा, पाणी ओता. पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. एका रोलला साधारण लिटरभर पाणी पुरतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा हिशोब मोठा आहे. मग धूळ नसलेल्या न्हाणीत चिमट्यानं टांगून वाळवा. वापरलेलं फिक्सर विहिरीजवळ किंवा परसात ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

माप, वेळ आणि आच सांभाळणं आपल्या हातांना नवं नाही. दूध विरजताना, पाक करताना आपण हेच करतो. नवं आहे ते एवढंच, की केलेल्या कामावर आपलं नाव घालायचं. ऊसतोडीला कोयत्याची उचल जोडीनं घेतात, पण मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक वेळा नवऱ्याचंच असतं. सरस्वतीबाईंचं नावही असंच मागं राहिलं. म्हणून गटातला पहिला फोटो तयार झाला की त्याच्या पाठीमागे दोन नावं लिहा : काढणारीचं आणि धुणारीचं.