घरी इंटरनेट घेताना



सन २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा आमची नात तासासाठी छत्री घेऊन टेकडीवर जाऊन बसे. जन्मभर मुलांना शिकविलेल्या आम्हांस त्याची लाज वाटली. पुढे केवळ स्वस्त म्हणून मोबाइलच्या मनोऱ्यावर चालणारी जोडणी घेतली; मनोरा डोंगराआड, पैसे पाण्यात गेले.

म्हणून अनुभवाचे दोन शब्द सांगतो. सन २०११ मध्ये मंजूर झालेल्या, आज ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेची तार आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे काय, हे प्रथम विचारावे. तिच्या काचतंतूतून प्रकाश वाहतो. त्यास डोंगर आड येत नाही. ती नसल्यास मनोऱ्याची जोडणी शेजाऱ्याकडे सायंकाळच्या गर्दीच्या वेळी पारखून मगच घ्यावी. जाहिरातीतील वेग मेगाबिटांत असतो आणि आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, हे विसरू नये.

एकट्या घरासाठी तार ओढावयास सहसा कोणी येत नाही; वाडीने मिळून अर्ज करावा. आणि जो ज्ञातिनिधी गरजू मुलांस पुस्तके देतो, त्याने एखाद्या घरची ही जोडणीही द्यावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे. आपल्या मुलांना पुन्हा टेकडी चढावी लागू नये.