सेलरमधले पाणी

हैदराबादेत पाण्याचा विषय निघाला की बोलणे १९०८ पाशी जाऊन थांबते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी शहरात शिरली. अफझलगंज आणि चादरघाटचे पूल वाहून गेले, काठावरचे अफझलगंजचे रुग्णालय नाहीसे झाले, आणि सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आजही सांगितला जातो. अफझल पार्कमधल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली. ते झाड आताच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून उभे आहे.

पुढच्या वर्षी निजामाच्या बोलावण्यावरून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे हेच अभियंते. त्यांनी पाऊस मोजलाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तलाव मोजले. मुसीच्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यांतले २२१ त्या पुरात फुटले होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येई आणि तोही फुटे. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय. १९२० मध्ये उस्मानसागर झाला, १९२७ मध्ये हिमायतसागर. नदीच्या प्रश्नाला तेव्हा एवढे नेमके उत्तर मिळाले, हे या शहराचे मोठे भाग्य.

पण आज हैदराबादेतल्या दुकानांचे, कार्यालयांचे, स्टुडिओंचे नुकसान करणारे पाणी बहुतेक वेळा नदीचे नसते. याचा सर्वांत बोलका दाखला नदीकाठचाच आहे. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाने आराखडा केलेली उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत १९२५ मध्ये उभी राहिली. २०२० च्या जुलैत तिच्या वॉर्डांत पाणी शिरले, खाटांच्या पायांशी घाण पाणी साचले, रुग्ण हलवावे लागले आणि काही दिवसांत जुनी इमारत बंद झाली. मुसी त्या दिवशी काठ ओलांडून आलेली नव्हती. ते होते पावसाचे आणि तुंबलेल्या ड्रेनेजचे पाणी. एका शतकापूर्वी ज्या जागेला नदीने धडा शिकवला, त्या जागेला या वेळी गटाराने गाठले.

त्याच वर्षी १३ आणि १४ ऑक्टोबरला बेगमपेठेच्या वेधशाळेत २४ तासांत सुमारे १९ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. २००० च्या ऑगस्टमध्ये तर २४ सेंटीमीटर पडला होता. एवढे पाणी पूर्वी उतारावरून एका कुंट्यातून म्हणजे लहान तळ्यातून चेरुवूत म्हणजे तलावात, तिथून नाल्यात आणि शेवटी मुसीत जाई. मासाब टँकसारखी नावे राहिली आहेत, तळे मात्र राहिले नाही. वाट बुजली तरी उतार बदलत नाही, म्हणून पाणी जुन्याच रस्त्याने येते आणि त्या रस्त्यावर आता इमारत असते. अमीरपेठेत मैत्रीवनम चौकाच्या आसपास जोराचा पाऊस झाला की काय होते, हे तिथे दुकान असलेल्या कोणालाही विचारावे.

आणि या इमारतींना सेलर असते.

हैदराबादी माणूस तळघराला सेलर म्हणतो. नियमाने ती जागा वाहने लावण्यासाठी. प्रत्यक्षात तिथे गोदाम येते, झेरॉक्सचे दुकान येते, क्लास येतो, छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओही येतो, कारण तिथे भाडे कमी आणि बाहेरचा आवाजही कमी. अशा जागेतली पहिली गोष्ट जिवाची. दिल्लीत राजेंद्रनगरच्या एका क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात २७ जुलै २०२४ रोजी पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघरातले पाणी काही इंच आहे तोवर माणूस सामान उचलत बसतो, आणि जिन्यावरून लोंढा आला की बाहेर पडायला तोच जिना असतो. पाणी चढू लागताच सामान सोडून वर यावे, हा नियम मालकाने स्वतः पाळावा आणि नोकरांनाही सक्तीने पाळायला लावावा.

सेलरची दुसरी गोष्ट विजेची. मुख्य पॅनेल, जनरेटर, यूपीएसच्या बॅटऱ्या, लिफ्टचा खड्डा, पाणी उपसणारी मोटर, सगळे एकाच पातळीवर. पाणी पॅनेलपर्यंत पोचते, वीज जाते, मोटर थांबते आणि त्यानंतर पाणी मोकळेपणाने चढते. दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो तो बहुतेकदा इथून, गालिचे आणि खुर्च्यांमुळे नव्हे. पॅनेल आणि बॅटऱ्या पहिल्या मजल्यावर नेणे, उपसा मोटरीला वेगळी वीजजोडणी देणे, पाऊस वाढताच लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवणे, एवढी कामे एका उन्हाळ्यात होतात.

पाऊस थांबल्यावर उपसा सुरू होतो, आणि तिथेही घाई नडते. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतले सगळे पाणी एकदम काढले तर भिंतींवर बाहेरचा दाब एकतर्फी येतो. त्याने भिंत आत झुकते किंवा फरशी उचलली जाते. म्हणून फूटभर उपसावे, भिंतीवर खूण करावी, पातळी पुन्हा चढते का ते पाहावे, मग पुढे जावे. बंजारा हिल्स आणि ज्युबिली हिल्सच्या ग्रॅनाइटमध्ये सुरुंग लावून खोदलेल्या सेलरांत तर खडकाच्या भेगांतून पाणी पाऊस संपल्यावरही झिरपत राहते. उंचावर आहोत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या शहरातले चित्रपटसृष्टीचे बरेचसे काम त्याच टेकड्यांवर चालते. अन्नपूर्णा स्टुडिओ तिथलाच, फिल्मनगर तिथलेच, आणि आसपासच्या गल्ल्यांत डबिंगचे आणि संपादनाचे कितीतरी कक्ष. स्टुडिओची खोली पाण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक, कारण ती आवाज अडवण्यासाठी बांधलेली असते. दुहेरी भिंत, मध्ये रॉकवूल, वर कापड, जमिनीखाली रबराच्या गाद्यांवर टेकलेली दुसरी जमीन. गच्चीतून किंवा एसीच्या नळीतून आलेले पाणी या थरांत शिरते आणि वरून काहीच दिसत नाही. कापड कोरडे लागते, आत रॉकवूल भिजून खाली बसलेले असते. एमडीएफचे पॅनेल तर चहात बुडवलेल्या उस्मानिया बिस्किटासारखे फुगते. काही दिवसांत कुबट वास येतो, गायकाचा घसा धरतो, आणि मग कुणाला तरी भिंत उघडायचे सुचते.

भिंत पहिल्याच दिवशी उघडायला हवी. बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. शुद्ध पाणी असेल तर उघडून वाळवता येते; गटाराचे पाणी असेल तर भिजलेले जिप्सम बोर्ड, रॉकवूल, गालिचा हे सगळे पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत कापून टाकून द्यावे लागते. मालकाला ते जड जाते आणि कंत्राटदार म्हणतो, पंखे लावू, वाळेल. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत खिडक्या उघडून पंखे लावले तर बाहेरचीच ओल आत येते. दारे-खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवावा, ओलमापक यंत्राने रोज आकडा घ्यावा आणि तो कोरड्या भिंतीच्या आकड्याशी जुळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये. ओल्या भिंतीवर रंग चढवला की पोपडे येतात, पुट्टी सुटते आणि तोच खर्च पुन्हा होतो.

जुन्या हैदराबादच्या इमारतींचे गणित वेगळे. १९३५ चे मोअज्जम जाही मार्केट ग्रॅनाइटचे. काही वर्षांच्या डागडुजीनंतर ते १४ ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा खुले झाले. १९३५ च्या आधीच्या आणि त्या काळातल्या बांधकामात चुना भरपूर असतो, आणि चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चमकदार ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येऊन दगड आणि विटा पिठूळ होतात. कोटी किंवा बेगम बाजारातल्या जुन्या माडीचा मालक गळती थांबवायला गच्चीवर सिमेंटचा थर घालतो, थोड्या वर्षांनी आणखी एक घालतो, आणि छतावरचे वजन तेवढे वाढत जाते. गच्चीच्या पन्हाळी साफ करणे आणि चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच करणे, एवढे केले तरी अशा माड्या आणखी पिढ्या टिकतील.

वस्तूंचे काय? सिकंदराबादेत स्टुडिओ थाटणारे आणि १८९६ मध्ये मुंबईतही शाखा काढणारे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या. अशा काचेवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने फुगतो आणि सुटतो. चित्रपटाच्या रिळावरचा थरही जिलेटिनचाच. म्हणून भिजलेली रिळे अर्धवट वाळू देऊ नयेत, वेटोळी एकमेकांना चिकटतात. ती स्वच्छ थंड पाण्यात ठेवून प्रयोगशाळेत न्यावीत. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून पाहू नये, तिच्यातल्या कामाची उरलेली आशाही त्याने जाते.

भिजलेला कागद कसा वाचवावा हे शिकायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचे पाणी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात शिरले आणि लाखो ग्रंथ, वृत्तपत्रांचे गठ्ठे चिखलात गेले. देशोदेशींचे तरुण ते हातांनी उपसायला धावले. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग काचसंग्रहालयात पूर आला, तेव्हा ग्रंथ गोठवून वेळ मिळवण्यात आला आणि नंतर ते सावकाश वाळवले गेले. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही. हैदराबादच्या शाळांच्या, मराठी संस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कपाटांत जुन्या वह्या, नोंदी, दुर्मीळ अंक आहेत. जवळच्या शीतगृहाशी आधीच बोलून ठेवायला पैसे लागत नाहीत.

राहिला विमा. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि पाच ते पन्नास कोटींसाठी ‘भारत लघू उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी आल्या. दोन्हींत पुराचा समावेश आहे, पण वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या गळतीचे पैसे विमा कंपनी देत नाही. सर्वेक्षक येण्यापूर्वी सामान फेकून दिले तर दावा अडतो, आणि सर्वेक्षकाची वाट पाहत सामान कुजू दिले तरी तो अडू शकतो, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमेदाराचीच. त्यामुळे आधी पाण्याच्या रेषेसह प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला लेखी कळवावे, फेकलेल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा एक तुकडा जपून ठेवावा, आणि मग लगेच भिंत उघडायला घ्यावी. भाड्याच्या जागेत इमारतीचा विमा मालकाचा आणि आतल्या कामाचा भाडेकरूचा असतो. अमीरपेठेच्या सेलरमध्ये लाखो रुपये खर्चून ध्वनिकक्ष बांधणाऱ्याने करारावर सही करण्याआधी हे विचारून घ्यावे, आणि त्याच वेळी पॅनेल कुठे बसवले आहे तेही पाहून यावे.