राजवाड्यापलीकडचे बडोदे



बडोद्यात पाहुणा आला की यजमान त्याला आधी लक्ष्मीविलास राजवाडा दाखवायला नेतो. १८९० मध्ये उभी राहिलेली ती वास्तू डोळे भरून पाहावी अशीच आहे. पण गायकवाडांच्या राज्याची कहाणी सुरू होते सोनगडच्या डोंगरी किल्ल्यावर, पिलाजीरावांच्या ठाण्यात. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजींचा खून झाला आणि दोनच वर्षांत बडोदे गायकवाडांच्या हाती आले.

हे राज्य एकसलग कधीच नव्हते. नवसारी दक्षिणेला, कडी-पाटण उत्तरेला, अमरेली काठियावाडात आणि ओखामंडळ थेट द्वारकेच्या समुद्रावर. मधे इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थाने. अशा राज्याचा इतिहास एकट्या राजधानीत बसून लिहिला, तर तो अर्धाच उरतो. डभोईचेच पाहा. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी निघाली, आणि सुरुवातीला ती ओढली बैलांनी! वाफेची इंजिने तिला नंतर मिळाली.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोगही राजधानीत झाला नाही. १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांनी तो अमरेलीच्या परिसरात करून पाहिला आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केला. शिकलेल्या मुलांच्या हाती पुढे काय द्यायचे? त्याचे उत्तर ग्रंथालयांत होते. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आले आणि वाचनालयांचे जाळे खेड्यांपर्यंत पोहोचले. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. गावाने ती वाचायची, परत करायची, मग दुसरी यायची. एखाद्या खेड्यात त्या काळचे देवघेवीचे रजिस्टर अजून टिकले असेल, तर कुणी काय वाचले हे त्यातून कळेल. या संमेलनाला दरबारी कागदांइतकीच अशा रजिस्टरांची ओढ आहे. माळ्यावर, ट्रंकेत, शाळेच्या कपाटात जे असेल ते वाळवीच्या आधी अभ्यासकाच्या हाती पडले पाहिजे.

आणि त्या कागदांत जे बोचरे असेल तेही वगळता कामा नये. १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये तेच आंबेडकर राज्याच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेल्यावर ते कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिले. शिष्यवृत्तीचा अभिमान सांगणाऱ्या बडोदेकराने ती धर्मशाळा आणि ते झाडही त्याच दमात सांगावे, अशी स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून हा प्रदेश गुजरातेत आहे. दांडिया बाजारच्या घरांतून मराठी मात्र आजही ऐकू येते. गुजरातीशी तिची इतकी सोयरीक झाली आहे की बोलणारा एका वाक्यात दोन्ही भाषा सहज वापरतो. त्या घरांतली जुनी पत्रे वाचायलाही दोन्ही भाषा जाणणारी माणसे लागतील, आणि ती आज या मंडपात आहेत.

सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. दुपारच्या सत्रानंतर पाहुण्यांना कमाटी बागेत नेण्यात येईल, राजवाडा उद्या.