हजेरीपट चावडीवर आला

रोजगाराच्या कामावरचा हजेरीपट म्हणजे मजुराचं नाव, दिवस, मजुरी आणि अंगठा. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात मजदूर किसान शक्ती संगठनने असे सरकारी कागद गावासमोर वाचायला सुरुवात केली. तेव्हा कामावर कधीच न गेलेल्यांची, अगदी मेलेल्या माणसांचीही नावं निघाली!

या कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा दिल्लीपर्यंत पोचली.

महाराष्ट्रातही हे लोण आलं. राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळत नव्हती. त्यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि मंजुरी आली.

केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. केंद्रीय कार्यालयात अर्जाचं शुल्क दहा रुपये. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत. प्रश्न जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तासांत. शिवाय कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक, लाभार्थी, सवलती ही माहिती कार्यालयांनी आपणहून जाहीर करायची असते.

मात्र २०१९ च्या दुरुस्तीनं, माहिती नाकारली तर अपील ऐकणाऱ्या माहिती आयुक्तांचा पाच वर्षांचा ठरलेला कार्यकाळ गेला. मुदत आणि वेतन ठरवणं केंद्राच्या हाती आलं. म्हणूनच राज्यकर्त्यांकडे आज कार्यकर्त्यांचं मागणं आहे: आयुक्तांच्या रिकाम्या जागा वेळेत भरा, त्यांची स्वायत्तता परत द्या आणि कलम ४ ची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा.