नुसतंच धावायला

(शेंद्रा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

धावणं आपल्याला नवं नाही. टँकर आला की हंडे घेऊन धावतो, पहिल्या पाळीच्या बसमागे धावतो. त्याला कुणाची हरकत नसते. पण परवा मी बूट घालून नुसतीच धावायला निघाले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘कोण आजारी आहे गं?’ (हसू नका, तुम्हीही हेच विचारलं असतं.)

बाईला हे झेपत नाही, असं भल्याभल्यांना वाटायचं. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. शेवटी काहीजणी दमल्या, त्याचा केवढा गवगवा झाला! ती शर्यत बंद झाली, ती थेट १९६० साली परत आली. पुरुष काय दमत नाहीत?

आणि आपली ललिता बाबर! माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी मुलखातली पोर. २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली.

आपल्याला पदक नको, अर्धा तास हवाय. तोच मिळत नाही. नवरा म्हणतो, घरात काम कमी आहे का व्यायामाला? शिवाय अंधाराची भीती. वसाहतीतले रस्ते रुंद, पण ट्रकवाले मुद्दाम हॉर्न वाजवत अंगावरून जातात. एकटीनं मलाही जमलं नाही, तिसऱ्या दिवशी अर्ध्यातून परतले. म्हणून चौघीजणी तरी हव्यात. साडी असली तरी चालेल, कासोटा घाला. रविवारी सकाळी सहाला, मंगीरबाबाच्या देवळापाशी. त्या दिवशीचा चहा घरच्यांनी करून घ्यावा.