आईच्या नावाचा रकाना



मी शिक्षिका आहे. एकदा शाळेचा फॉर्म भरताना मामीकडे वाढलेली एक मुलगी ‘आईचे नाव’ या रकान्यापाशी अडली. हळूच म्हणाली, “मॅडम, मामीचं लिहू?” मला सावित्रीबाई आठवल्या.

1848 सालच्या भिडेवाड्यातल्या शाळेमुळे आपण त्यांना ओळखतो. 1856 मध्ये आजारपणात माहेरी असतानाही, शाळेचा भार एकट्या फातिमावर पडला असेल, ही चिंता त्यांनी जोतिरावांना पत्रातून कळवली होती. पण त्यांचे शिकवणे शाळेत संपत नव्हते. 1863 मध्ये या दांपत्याने विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

यतीम मुलाला सांभाळणे आपल्याकडे सवाबाचे काम मानतात. पण त्याला आपले म्हणून घरात घ्यायची वेळ आली की आपण कचरतो. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितले आहे, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. सक्ती कुणावरच नाही, पण वाट मोकळी आहे. प्रश्न आपल्या मनाचा आहे.

त्या मुलीला मी म्हणाले, “कायद्याने कोणतं नाव लागतं ते मी ऑफिसात विचारते. पण तुझी आई कोण, हे तुला ठाऊक आहे.”