तरवड छाटा, पण उपटू नका

गटाचा हिशोब, कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा यावर आपण नेहमीच बोलतो. आज एका झुडपाविषयी बोलू. ते आपल्या माळावर आहे, ओढ्याच्या काठाला आहे, बांधावरही आहे. नवरात्रात घटाच्या माळेला पिवळी फुलं लागतात, तेव्हा पोरं त्याच्याकडेच पळतात. ते म्हणजे तरवड.

आजच बोलायचं कारण आहे. पावसाळा तोंडावर आला की गावोगावी माळावर झाडं लावायचं ठरतं. झाडं लावलीच पाहिजेत. पण बऱ्याच ठिकाणी आधी माळ साफ करतात. साफ म्हणजे तरवड, बोराटी, हेकळ सगळं मुळासकट काढतात आणि उघड्या मुरमात रोपं लावतात. झुडूप काढल्याशिवाय झाड लागत नाही, असं अनेकांना वाटतं. आम्हा गट चालवणाऱ्या बायकांचं म्हणणं उलट आहे, आणि ते का, हे तरवडाकडूनच समजून घेऊ.

आपला मुलूख कसा आहे बघा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही सगळी तशीच पावसाच्या आडोशाची गावं. वर वारा, खाली मुरूम. इथं जे झाड उंच व्हायला बघेल, त्याला पाणी पुरणार नाही. म्हणून तरवड उंचीच्या नादाला लागत नाही. तो कमरेएवढा, फार तर डोक्याएवढा होतो आणि एका बुडातून चारी बाजूंनी फांद्या काढतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ओक नावाचा मोठा वृक्ष असतो, हिमालयात त्याच्याच एका जातीला बांज म्हणतात. पण अमेरिका आणि मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांवर ओकच्या काही जाती झुडपाएवढ्याच राहतात. वणवा लागला किंवा कुणी तोडलं, तर त्या बुडापासून पुन्हा फुटतात. आपल्या तरवडाशी त्यांचं काही नातं नाही. पण कोरड्या डोंगरानं दोघांना एकच धडा शिकवला: वर कमी वाढा, खाली मूळ घट्ट धरा.

आता तरवड जवळून बघा. एका काडीवर आठ ते बारा जोड्या बारीक पानं असतात. पान बारीक असलं की ऊन कमी तापवतं. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन पानं दिसतील, ती तरवडाची खूण. त्याचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'कानवाली'. साल तुरट असते. याच सालीनं पूर्वी कातडी कमावत. पाला शेळ्या सहसा खात नाहीत. म्हणून चराईच्या माळावर बाकी सगळं संपलं तरी तरवड उभा असतो.

इथंच आपल्या कामाची गोष्ट आहे. तरवडाच्या आडोशाला लिंबाचं किंवा बोरीचं बी पडलं, तर त्याला सावली मिळते आणि शेळीचं तोंड तिथं लवकर पोचत नाही. तरवडाचा पाला पडून मुरमावर थोडी माती धरते. मुळं ती माती जागेवर ठेवतात. तरवड उपटला की पहिल्या वळवातच ती माती ओढ्यात जाते आणि लावलेलं रोप एकटं उन्हात उभं राहतं.

फुलांचंही ऐका. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. तोही मिठाच्या डबीसारख्या बारीक भोकातून बाहेर येतो. मोठा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. आपल्या वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांनाही अशीच थरथर मानवते. शेतात काही फुललेलं नसतं तेव्हा भुंग्यांना पराग देतो तो माळावरचा तरवड. ज्यांची वांगी आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवा.

शेजारच्या तेलंगणात याला तंगेडू म्हणतात आणि तो त्या राज्याचा मानाचा फूल आहे. बतुकम्माच्या सणात बायका त्याची फुलं रचतात. ज्याला तिथं मान आहे, त्याला आपण कचरा म्हणू नये.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, तरवड शेंगवर्गातला असला तरी हरभऱ्यासारख्या गाठी त्याच्या मुळांवर नसतात. पाला खत म्हणून शेतात घाला, पण तो जमिनीत नत्र धरील म्हणून लावू नका. दुसरी, त्याच्या फुलांचा चहा साखरेच्या आजारावर सांगतात. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करून तो पिऊ नका. गटानं फुलं वाळवून विकायची ठरवली, तरी पाकिटावर 'साखर बरी होते' असं लिहू नका.

मग करायचं काय? ग्रामसभेत माळ साफ करायचा विषय निघाला की तीन गोष्टी मागा. खड्डे तरवडाच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्यावेत. जिथं अडचण होते तिथं तरवड छाटावा, मूळ ठेवावं. तो पुन्हा फुटतो. आणि रोप शक्यतो झुडपाच्या सावलीकडून लावावं. सरपणाला फांद्या घ्या, पण एका बुडाच्या सगळ्या घेऊ नका. फुलं घेतानाही निम्मी ठेवा, त्याशिवाय शेंग धरणार नाही.

माळ जिथं आधीच उघडा पडलाय, तिथं बी लावता येतं. वाळलेल्या चपट्या शेंगा गोळा करा. बी कठीण असतं. म्हणून चुलीवरून उतरवलेल्या गरम पाण्यात टाका, रात्रभर भिजू द्या आणि पहिला चांगला पाऊस झाला की चराच्या काठावर टाका. याला पैसा लागत नाही, फक्त गटातल्या चार बायकांची एक सकाळ लागते.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या माळाचा कुठला भाग साफ करायचं ठरलंय, ते विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेलं असलं म्हणजे पुढं बोलता येतं. राम राम.